८ इंची डॉबसाठी रुंद क्षेत्राचा आयपीस हवा, बजेट ७०००, सल्ला द्या

नभांगण_डोंबिवली (शनिवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत ८ इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतली. नाभीय अंतर १२०० मिमी, एफ/५.९ (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास), फोकसर (आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवायची नळी) दोन इंची, सोबत सव्वा इंचाचा अडॅप्टर. दुर्बिणीबरोबर आलेले २५ आणि १० मिमीचे प्लॉसल (साधे आयपीस) एवढंच भांडवल. चंद्र झकास दिसतो. पण २५ मधून कृत्तिका बघताना खिडकीच्या फटीतून वरात बघितल्यासारखं वाटतं. नवरदेव दिसतो तेव्हा बँड दिसत नाही.

एकच रुंद क्षेत्राचा आयपीस घ्यायचा आहे. वापर डोंबिवलीच्या गच्चीवरून, आणि महिन्यातून एकदा मुरबाडच्या पुढे गावी. गावी आईही बघते, तिला जाड चष्मा आहे. बजेट सगळं धरून ७०००. हा आकडा घरच्या अर्थमंत्र्यांनी मंजूर केलेला आहे, पुरवणी मागण्या चालणार नाहीत.

दोनइंची_दादा (रविवार, ००.१२)

दोन इंची फोकसर असताना सव्वा इंची आयपीस घेणं म्हणजे सहा पदरी रस्त्यावरून सायकल. माझ्याकडे ३१ मिमीचा नागलर आहे, ८२ अंश (डोळ्याला दिसणारं क्षेत्र), वजन साधारण किलोभर. मेहुण्याने अमेरिकेहून येताना आणला. माझ्या १२ इंचीत ययातीतला जोडगुच्छ काळ्या मखमलीवर साखर सांडल्यासारखा दिसतो. ज्या माणसाने हा बनवला त्या अल नागलरने अपोलोच्या चांद्रयानाच्या सिम्युलेटरसाठी प्रकाशीय यंत्रणा केली होती, म्हणजे अंतराळवीरांना खिडकीबाहेरचा चंद्र दाखवणारा माणूस. एकदाच घ्या, आयुष्यभर बघा.

नभांगण_डोंबिवली (००.२०)

दादा, किंमत?

दोनइंची_दादा (००.२१)

किंमत विचारायची नसते हो. मेहुण्यालाही मी विचारली नाही.

खगोलवेडा७७ (००.५०)

२४ मिमी, ६८ अंश घ्या. डोळे झाकून.

भाकरवडी (०७.१५)

डोळे झाकून आयपीस! (कृपया हलके घ्या.)

शुद्धलेखन_सोवळे (०८.०५)

धागाकर्त्यास नम्र विनंती. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘नेत्रिका’ असा सुंदर शब्द आहे. पदार्थभिंग आणि नेत्रिका. ‘आयपीस’ कशाला?

कंदीलवाला (०८.३०)

दुकानात जाऊन नेत्रिका मागा. चष्म्याच्या काउंटरवर पाठवतील, नाहीतर आय ड्रॉप देतील.

शुद्धलेखन_सोवळे (०८.४१)

दुकानदाराला येत नाही म्हणून आपण विसरायचं? मग उद्या कृत्तिकांनाही प्लेइडीज म्हणा.

जुना_खगोली (०९.२२)

आमच्या वेळी नेत्रिका विकत मिळत नव्हती, करावी लागे. हॅलेच्या धूमकेतूच्या वर्षी, १९८६ ला, सहा इंची आरसा मी स्वतः घासला होता. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडम, महिनोन्‌महिने. नेत्रिका फुटक्या द्विनेत्रीच्या भिंगांतून आणि पीव्हीसीच्या नळीतून. क्षेत्र जेमतेम चाळीस अंश असेल. धूमकेतू त्यातही दिसला. आजच्या पोरांना ६८ अंश, ८२ अंश... आणि आकाशात बघायला वेळ नाही.

मिरचीभजी (०९.४०)

काका, दंडवत. पण प्रश्न आयपीसचा आहे.

सोनेरी_पट्टी (१०.१०)

मी सोनेरी पट्टीवाले ६६ अंशी घेतले आहेत, ९ आणि २० मिमी. बजेटमध्ये दोन्ही बसतात. ९ वाला पैसा वसूल. डोळा थोडा हलला की काळी सावली घेऱ्यासारखी येते, सवय होते. २० वाल्याबद्दल खोटं बोलणार नाही. मध्यभागी टाचणीच्या टोकासारखे तारे, कडेला सगळे तारे चिमण्या होऊन उडतात. माझी दुर्बीण एफ/५ आहे.

दोनइंची_दादा (१०.१४)

तो कोमा. परावर्तक म्हणजे कोमा असणारच. कोमा करेक्टर घ्या.

भिंगरी (११.०२)

कोमा नाही. निदान सगळा नाही. कोमात ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटतं, धूमकेतूसारखं, केंद्रापासून बाहेरच्या दिशेला. चिमणी दिसते ती बहुतेक आयपीसच्या दृष्टिवैषम्यामुळे. तपासायची युक्ती: कडेचा एक तारा धरा आणि फोकस थोडा आत, थोडा बाहेर करा. तारा एकदा आडवी रेघ, एकदा उभी रेघ होत असेल तर दोष आयपीसचा. शिवाय स्वतःच्या डोळ्यातलं दृष्टिवैषम्यही तसंच दिसतं, फक्त ते मध्यभागीही दिसतं. डोकं कलवून बघा. रेघही फिरली तर डोळा, जागीच राहिली तर आयपीस.

नभांगण, तुमच्या एफ/५.९ ला कोमा फार त्रास देत नाही. करेक्टर घेऊ नका, तो तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर आहे.

दोनइंची_दादा (११.०९)

मला तरी करेक्टर लावल्यावर फरक दिसला.

भिंगरी (११.११)

तुमची एफ/५ आहे ना? मग दिसणारच.

विदर्भाचा_वाघ (११.३०)

भाऊ, आयपीसचं सोडा, आकाश बदला. पेंचला या. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, भारतात पहिला. तिथं नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिका दिसते ना भाऊ.

कंदीलवाला (११.३३)

डोंबिवली ते पेंच, ७००० मध्ये, आईला घेऊन. बरं.

मालवणी_माणूस (१२.१५)

आधी माझी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी महागातला रुंद आयपीस घेतला. बरोबर आलेल्या फोमच्या पेटीत ठेवला, पेटी कपाटात. पाऊस लागला की जून ते सप्टेंबर दुर्बीण काढतोय कोण? ऑक्टोबरात उघडला तर भिंगाच्या आत कोळ्याचं जाळं. बुरशी! पुसायला गेलो तर ती आतल्या बाजूला. रुंद आयपीसमध्ये भिंगं जास्त, फटी जास्त, दमट हवेला आत शिरायला जागाही जास्त. आणि फोम म्हणजे ओलाव्याचं कोठार. आता सगळे आयपीस चिवड्याच्या हवाबंद डब्यात, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घेतो. बायको म्हणते, साबुदाणा समजून कोणीतरी खाणार एक दिवस.

डोंबिवली काय, मालवण काय, हवा तीच. आयपीस कुठलाही घ्या, डबा आधी घ्या.

मिरचीभजी (१२.२०)

डब्याची वाखुसा (वाचनखूण साठवली).

तारकासखी (१४.०५)

आयपीस नको, १०x५० ची द्विनेत्री घ्या. साडेसहा अंशांचं क्षेत्र. कृत्तिका अख्ख्या, वर आजूबाजूचं आकाशसुद्धा. एवढं क्षेत्र कुठलाही आयपीस देणार नाही, नागलरसुद्धा नाही. मी नाशिकहून हेच वापरते.

खगोलवेडा७७ (१४.३०)

त्यांनी आयपीस विचारलाय. २४ मिमी ६८ अंश. परत सांगतो.

नभांगण_डोंबिवली (१५.००)

२४/६८ चा भाव काढला, माझ्या बजेटच्या दुपटीच्या वर जातोय. परदेशातून मागवला तर ड्युटी वेगळी. दोन इंचात ३८ मिमी ७० अंश स्वस्तात दिसतोय. तो कसा?

भिंगरी (१६.१८)

सगळ्यांनी अंशच मोजलेत, म्हणून थोडा हिशेब.

तुमचा २५ म्हणजे १२०० भागिले २५, ४८ पट. प्लॉसलचे ५२ अंश भागिले ४८, जेमतेम १.१ अंश आकाश. कृत्तिकांचे ठळक तारे तेवढ्यात अगदी काठाला चिकटतात. तुमची वरातीची तक्रार खरी आहे.

३८/७० मध्ये ३२ पट आणि सव्वादोन अंशांच्या आसपास. ऐकायला मस्त. पण डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास होतो ३८ भागिले ५.९, साधारण ६.४ मिमी. गावी, तरुण डोळ्याला, ठीक. डोंबिवलीत आकाश राखाडी पडदा होईल. आणि वयानुसार बाहुली कमी उघडते, तुमच्या आईंची पाच मिमीच उघडत असेल तर वरचा प्रकाश बुबुळावर पडून वाया. स्वस्त ३८ मध्ये कडेला चिमण्याही येणार.

आता गंमत. सव्वा इंची नळीतून जास्तीत जास्त २७ मिमीच्या आसपास व्यासाचं चित्र मावतं. त्यामुळे २४/६८ घ्या नाहीतर साधा ३२ मिमी प्लॉसल, आकाशाचा तुकडा जवळपास तेवढाच, १.३ अंश. फरक असा की २४ मध्ये तोच तुकडा मोठा दिसतो आणि मागचं आकाश काळं. ३२ मध्ये लहान दिसतो आणि आकाश उजळतं. शहरातून २४ नक्कीच सरस. माझं मत: थांबा, पैसे साठवा, २४/६८ जुना मिळतो का बघा.

हाताने ढकलायच्या डॉबवर रुंद आयपीसचा खरा फायदा जास्त पटीला कळतो. १० मिमी प्लॉसलमध्ये वस्तू पावणेदोन मिनिटांत क्षेत्रातून निघून जाते. ८२ अंशांत पावणेतीन मिनिटं राहते. तेव्हा मोठा नको असेल तर सोनेरी_पट्टी म्हणतात तो ९ घ्या.

खगोलवेडा७७ (१६.२५)

मी सकाळपासून हेच म्हणतोय.

सोनेरी_पट्टी (१६.३१)

मीपण.

भाकरवडी (१६.४०)

भिंगरीताईंशी बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). पॉपकॉर्न संपले.

कंदीलवाला (१७.१५)

वजनाचं कोणी बोललं नाही. एका मित्राचा किलोभराचा आयपीस लावला, स्क्रू आवळायचा राहिला. डॉबचं तोंड खाली गेलं आणि आयपीस थेट लादीवर. भिंग वाचलं, मैत्री वाचली नाही. जड आयपीस लावायचा तर मागच्या बाजूला लोहचुंबक किंवा वाळूची पुरचुंडी लावा.

दोनइंची_दादा (१७.२०)

चांगल्या आयपीसला नळीवर खाच असते, स्क्रू थोडा सैल असला तरी पडत नाही.

कंदीलवाला (१७.२२)

त्यालाही होती.

शुद्धलेखन_सोवळे (१७.५०)

नेत्रिका पडली असती तर एवढं दुःख झालं नसतं.

जुना_खगोली (१९.०५)

विकत घेण्यापूर्वी चार दुर्बिणींना डोळा लावा. वांगणीला खगोल मंडळाचे रात्रीचे कार्यक्रम होतात, डोंबिवलीहून गाडीने काय लांब आहे? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. लोक आनंदाने बघू देतात. आणि आरशांची जुळवणी तपासा. अर्ध्या लोकांची तक्रार भिंगाची असते आणि दोष हललेल्या आरशाचा.

भिंगरी (१९.१०)

काकांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. आणि चष्म्याचा मुद्दा माझ्याकडून राहिला. आईंना नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस बदलला की भागतं. सिलिंडर नंबर (म्हणजे डोळ्यातलं दृष्टिवैषम्य) असेल तर चष्मा ठेवूनच बघावं लागेल, तेव्हा भिंगापासून डोळा पंधरा-वीस मिमी लांब राहिला पाहिजे. १० च्या प्लॉसलमध्ये तो जेमतेम सात मिमी असतो.

नभांगण_डोंबिवली (तीन आठवड्यांनी, सोमवार, २३.१०)

सगळ्यांचे आभार. एका आकाशदर्शनाच्या रात्री चार अनोळखी लोकांच्या आयपीसमधून बघितलं. २४/६८ खरंच सुंदर आहे, मान्य. दोन इंची एक राक्षसही बघितला, त्यातून बाहेर यावंसं वाटेना. आरसा खरोखर हललेला होता, तो तिथल्या एका काकूंनी पाच मिनिटांत बसवून दिला.

घेतला मात्र ३२ मिमी प्लॉसल. तीन हजारांच्या आत. आईला सिलिंडर नंबर आहे. २४ मध्ये तिला चष्म्यासकट काठ दिसेना, ती सारखी डोकं हलवत होती. ३२ मध्ये लगेच बसली. गावी अमावास्येला तिला कृत्तिका दाखवल्या. म्हणाली, “आम्ही सहा मोजायचो रे अंगणात निजून. ह्या तर पोतंभर आहेत.” मग मला अर्धा तास दुर्बिणीजवळ येऊ दिलं नाही.

भिंगरीताई, तुमचं बरोबर आहे. डोंबिवलीत ३२ लावला की आकाश ताकासारखं दिसतं. तिथे मी जुना २५ च लावतो. उरलेल्या पैशांत डबा आणि सिलिका जेल आली, बाकी गावच्या पेट्रोलला.

दोनइंची_दादा (२३.१५)

रुंद क्षेत्र विचारलं आणि ५२ अंश घेतला. चाळीस प्रतिसाद वाया.

खगोलवेडा७७ (२३.१८)

सहा महिन्यांत २४ घेणार. लिहून ठेवा.

भिंगरी (२३.३०)

शहरासाठी चुकीचा, आईंसाठी बरोबर. काकूंना नमस्कार सांगा.

मालवणी_माणूस (२३.४२)

डबा घेतलास ना? मग झालं.

नवखा_तारा (मंगळवार, ०८.०२)

नमस्कार, नवीन आहे. माझ्याकडे ७० मिमीची दुर्बीण आहे. हा ३२ वाला त्यात चालेल का? बजेट २०००.

दोनइंची_दादा (०८.०५)

फोकसर दोन इंची आहे का?