विषय: कायदा ग्रंथालयातील मोफत वर्ग आणि मंडळाच्या सभासदांना एक विनंती

प्रेषक: मंडळाची एक सभासद, लॉस एंजेलिस

सर्वांना सप्रेम नमस्कार,

भाड्याचे घर सोडून ४७ दिवस झाले तरी डिपॉझिट परत मिळाले नव्हते, तेव्हा दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा लॉस एंजेलिसच्या कायदा ग्रंथालयात स्मॉल क्लेम्सवरच्या, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांवरच्या, मोफत वर्गाला जाऊन बसले. इतकी वर्षे या शहरात राहूनही, फर्स्ट स्ट्रीटवर दिवाणी न्यायालयाच्या समोर असलेली ती इमारत सर्वांसाठी खुली आहे हे मला ठाऊक नव्हते. ती वकिलांची आणि न्यायाधीशांची जागा असावी अशीच माझी समजूत होती.

घरमालकाने रंगकाम आणि कार्पेट यांच्या नावाखाली जवळजवळ सगळी रक्कम कापली होती आणि पावती एकही दिली नव्हती. वर्ग घेणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्या अर्ध्या तासातच जे सांगितले ते मी आजवर विसरलेले नाही. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांच्या आत डिपॉझिट परत करणे, किंवा कापलेल्या रकमेचा बाबवार हिशेब देणे, घरमालकाला बंधनकारक आहे; दुरुस्ती आणि सफाईची कपात १२५ डॉलरपेक्षा जास्त असेल तर पावत्या जोडाव्या लागतात; रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे घेता येत नाहीत; आणि रक्कम वाईट हेतूने अडवून ठेवल्याचे न्यायालयाला पटले, तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम देण्याचा आदेश होऊ शकतो. वर्गातून आल्यावर मी दिवाणी संहितेतील कलम १९५०.५ चा उल्लेख करून, तारखा आणि रकमा नोंदवून, घरमालकाला एक पानाचे मागणीपत्र पाठवले. बाराव्या दिवशी चेक आला. दावा लावण्याची वेळच आली नाही.

प्रत्येकाचे असेच होईल असे मी म्हणत नाही. मला खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. गेल्या वर्षभरात मंडळातील ज्या कुटुंबांनी अशा अडचणींत मला फोन केले, त्यांपैकी बहुतेकांनी तो मुदत उलटून गेल्यावर केला. येथे समन्स बजावले गेले की दिवस मोजायला सुरुवात होते. साध्या दिवाणी दाव्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवस असतात. घर खाली करण्याच्या दाव्यात १ जानेवारी २०२५ पासून न्यायालयीन कामकाजाचे १० दिवस मिळतात, त्याआधी ते अवघे ५ होते. घाबरून कागद टेबलावर तसाच ठेवला, तर ते दिवस निघून जातात आणि बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो. म्हणून माझी विनंती अशी, की संकट येण्यापूर्वी, मन शांत असताना, आपण या वर्गांना जावे. आणि मंडळाने ग्रंथालयाचे वेळापत्रक दर महिन्याच्या पत्रिकेत द्यावे.

आपली नम्र,
एक सभासद

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक गटातील एक सभासद

सौ. ताईंना सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपला हेतू चांगला आहे याविषयी शंका नाही, परंतु माझ्या वयाच्या माणसाच्या मनात जे प्रश्न येतात ते स्पष्टपणे विचारतो. लिव्हिंग ट्रस्टविषयीच्या (हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावे करण्याच्या व्यवस्थेविषयीच्या) एका मोफत व्याख्यानाला आम्ही दोघे काही वर्षांपूर्वी गेलो होतो. दोन तास कायद्याची माहिती देत आहोत असे भासवून शेवटी आमच्यापुढे विमा योजनेचे अर्ज ठेवण्यात आले, आणि सही केल्याशिवाय उठणे जड जावे अशी त्यांची बोलण्याची रीत होती. तेव्हापासून मोफत हा शब्द ऐकला की मी सावध होतो. या वर्गांमागे कोण आहे आणि त्यांना पैसा कोठून मिळतो?

दुसरे असे, की आपल्याच समाजात वकील आहेत. त्यांना सभागृहात बोलावले तर मराठीत ऐकता येईल. आमच्या गटातील अनेकांना वेगाने बोललेले इंग्रजी समजत नाही, आणि कायद्याचे तर मुळीच नाही.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

प्रेषक: पहिल्या पत्राची लेखिका

आदरणीय काका,

आपण विचारलेत हे फार बरे केलेत. हेच प्रश्न अनेकांच्या मनात असतील.

कॅलिफोर्नियातील कायदा ग्रंथालये १८९१ च्या कायद्याने सुरू झाली. राज्यात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि प्रत्येक काउंटीसाठी अशी संस्था असते, म्हणजे ऑरेंज काउंटीतील आपल्या सभासदांना सांता आनाचे ग्रंथालय जवळ पडेल. त्यांचा कारभार विश्वस्त मंडळ पाहते, त्यात न्यायाधीशही असतात. उत्पन्नाचा मोठा भाग दिवाणी दावे दाखल करताना भरल्या जाणाऱ्या फीमधील ठरावीक वाट्यातून येतो. तेथे विकण्यासारखे काही नसते. वर्ग घेणारे वकील बहुधा स्वेच्छेने, विनामोबदला येतात. वकिलांच्या व्यावसायिक शिक्षणाचे काही वर्ग मात्र सशुल्क असतात, म्हणून नोंदणी करताना तेवढे पाहून घ्यावे.

आपल्या शंकेशी जोडलेला एक मुद्दा मला स्वतःला समजायला वेळ लागला. ग्रंथपाल कायद्याची माहिती देतात, सल्ला देत नाहीत. कोणता फॉर्म कोठे मिळेल, कोणत्या कलमावर कोणते पुस्तक आहे, वकील वापरतात ते शोधसंच ग्रंथालयाच्या संगणकावर कसे उघडायचे, हे सर्व ते आपुलकीने दाखवतात, पण "मी दावा लावू का?" या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाहीत, कारण वकिलीचा परवाना नसताना सल्ला देणे हा या राज्यात गुन्हा आहे. सुरुवातीला मला हे तुटकपणाचे वाटले होते. आता वाटते की ग्रंथालयावर विश्वास ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, कारण ज्याला आपल्या निर्णयातून काही मिळवायचे नाही तोच आपल्याला नियम जसा आहे तसा सांगू शकतो.

आपल्या समाजातील वकिलांना अवश्य बोलवावे. परंतु सभागृहात, ओळखीच्या माणसांसमोर, सुनेशी किंवा भावाशी असलेल्या वादाचा प्रश्न कोण विचारील? ग्रंथालयात आपल्याला कोणी ओळखत नाही. माझ्या शेजारी एक गृहस्थ हातात दाव्याचे कागद घेऊन बसले होते आणि त्यांनी जे प्रश्न विचारले ते मी चारचौघांत कधीच विचारले नसते.

स्मॉल क्लेम्सच्या वर्गात इंग्रजी सोपे असते, कारण ती प्रक्रियाच वकिलाविना चालवण्यासाठी आखलेली आहे. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, फी साधारणपणे ३० ते ७५ डॉलर असते, आणि पहिल्या सुनावणीत कोणत्याही बाजूला वकील उभा करता येत नाही. तरीही खाचखळगे आहेत. समन्स आपण स्वतः बजावू शकत नाही. खटल्यात पक्षकार नसलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीने ते द्यावे लागते, आणि प्रतिवादी त्याच काउंटीत राहत असेल तर ते सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी त्याच्या हाती पडावे लागते. दावा लावणाऱ्याला स्वतःच्या दाव्यावर अपील नाही. आणि निकाल आपल्या बाजूने लागला तरी वसुली न्यायालय करून देत नाही, ती आपल्यालाच करावी लागते. हे शेवटचे वाक्य ऐकून वर्गात अनेकांचे चेहरे उतरले, पण मला वाटते ते आधीच कळलेले बरे.

प्रत्यक्ष सुनावणीसाठी न्यायालयाकडे दुभाषी मागता येतो. मराठीचा दुभाषी शोधायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज तारीख मिळताच द्यावा.

आपली नम्र,
एक सभासद

प्रेषक: एक सभासद, व्हॅली विभाग

नमस्कार,

मृत्युपत्र आणि वारसा या विषयावरच्या वर्गाला मी आणि माझे पती गेलो होतो, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तेथे आमची एक जुनी चुकीची समजूत दूर झाली. भारतात नोटरी बहुधा वकीलच असतो, आणि त्याचा शिक्का असलेला कागद पक्का असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कॅलिफोर्नियात नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतो; त्याला कायद्याचे शिक्षण असणे आवश्यक नाही आणि कागदात काय लिहिले आहे याची जबाबदारी त्याची नाही. आम्ही टंकलिखित मृत्युपत्रावर नोटरीचा शिक्का घेऊन निश्चिंत बसलो होतो. येथे अशा मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि नोटरी त्यांची जागा घेऊ शकत नाही. उलट, मुख्य मजकूर आणि सही संपूर्ण स्वतःच्या हस्ताक्षरात असेल तर साक्षीदारांशिवायही मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते. वैद्यकीय निर्णयांविषयीच्या आगाऊ निर्देशपत्राला मात्र दोन साक्षीदार किंवा नोटरी, यांपैकी काहीही चालते. एवढा फरक माहीत नसल्यामुळे आम्ही अकरा वर्षे निरुपयोगी कागद तिजोरीत जपला.

प्रोबेटच्या, म्हणजे मृत व्यक्तीची मालमत्ता न्यायालयामार्फत वारसांकडे सोपवण्याच्या प्रक्रियेच्या, खर्चाचे गणित वर्गात फळ्यावर मांडून दाखवले. वकिलाची कायद्याने ठरलेली फी पहिल्या १,००,००० डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १,००,००० वर ३ टक्के आणि त्यापुढच्या ८,००,००० वर २ टक्के असते. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरावर २३,००० डॉलर, आणि मृताच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने मागितले तर त्यालाही तेवढेच. हा हिशेब घराच्या पूर्ण किमतीवर होतो, कर्ज वजा करून नव्हे. मालमत्ता लहान असेल तर सोपी वाट आहे: १ एप्रिल २०२५ रोजी किंवा त्यानंतर झालेल्या मृत्यूंसाठी ही मर्यादा २,०८,८५० डॉलर आहे, आणि राहत्या घरासाठी ७,५०,००० डॉलरपर्यंत वेगळी सुलभ प्रक्रिया आहे. ट्रस्ट केला असेल तर घराचे खत ट्रस्टच्या नावे करून नोंदवले आहे का, हे काकांनी आणि सर्वांनी आजच पाहावे. ते राहून गेले तर ट्रस्टचे कागद असूनही घर प्रोबेटमध्ये अडकू शकते.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपले सगळे आप्त दूर आहेत. आपल्या दोघांचेही काही बरेवाईट झाले तर मुलांचे पालकत्व कोणाकडे जावे, हे मृत्युपत्रात लिहून ठेवता येते. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ त्याच प्रश्नावर बोलत होतो, आणि तो प्रश्न इतकी वर्षे आम्ही टाळत आलो होतो हेही तेव्हाच लक्षात आले.

भारतातील मालमत्तेचे प्रश्न मात्र तेथे सुटत नाहीत. त्यासाठी तिकडचाच वकील गाठावा लागतो.

आपली,
व्हॅलीतील सभासद

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सर्व सभासदांना नमस्कार,

कार्यकारिणीने ठरवले आहे की पुढील महिन्यापासून ग्रंथालयाच्या वर्गांच्या तारखा पत्रिकेत छापल्या जातील. ज्येष्ठ सभासदांना एकत्र नेण्यासाठी दोन गाड्यांची सोय झाली आहे. मेट्रोने येणाऱ्यांना हिस्टॉरिक ब्रॉडवे स्थानकावरून चालत जाता येईल. काकांच्या सूचनेनुसार प्रत्येक गटात एक तरुण सभासद बसेल आणि वर्गानंतर मुख्य मुद्दे मराठीत समजावून सांगेल. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रो बोनो (मोफत कायदेशीर सेवेचा) सप्ताह असतो, तेव्हा वकिलांशी थोडा वेळ प्रत्यक्ष बोलण्याची संधी मिळाल्यास तिची माहिती वेगळी कळवू.

एक कळकळीची सूचना. काल दोन सभासदांनी आपापल्या चालू दाव्यांचा तपशील, समोरच्या व्यक्तीच्या नावासकट, या यादीवर लिहिला होता. तो आम्ही प्रसारित केला नाही. वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय राहते, चारशे जणांना पाठवलेले पत्र राहत नाही, आणि तेच उद्या पुरावा म्हणून आपल्यासमोर येऊ शकते. ज्यांना आपला प्रश्न सांगायचा आहे त्यांनी मला फक्त विषय कळवावा, म्हणजे कोणता वर्ग उपयोगी पडेल ते मी लिहीन. गाडीत जागा हवी असेल त्यांनी येत्या रविवारपर्यंत नाव द्यावे.

आपली,
सचिव