ड्रायव्हरचे तास फक्त रस्त्यावरचे नसतात

"ट्रकवाल्याला काय, नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं," हे मत अजिबात पटलं नाही. कित्येक तास चाकं फिरतच नाहीत. न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत नाहीतर गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत जातात. त्यात झोपही धड होत नाही. रांग सरकली की गाडी पुढे घ्यायची, डिझेल आणि ताडपत्रीवर डोळा ठेवायचा. फेरीवर पैसे ठरले असतील तर या ताटकळण्याचा एक रुपया मिळत नाही. माझ्या मते खरा अन्याय हाच आहे.

ओव्हरलोडचंही तेच. किती माल भरायचा हे बहुतेक वेळा ड्रायव्हर ठरवतच नाही, पण पोलिसांसमोर उभा तोच राहतो. आणि एसी केबिन सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना. जुन्या गाड्यांत मे महिन्यातही इंजिनाची धग सोसतच चालवावं लागतं.