प्रोटीन पावडरच्या रिव्ह्यूवरून अब्रूनुकसानीची नोटीस आली आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे कुणी वकील असेल, किंवा अशा नोटिशीतून स्वतः गेलेलं कुणी असेल, तर कृपया वाचा. जरा लांबलंय.

धाकट्या भावासाठी एका शॉपिंग साइटवरून व्हे प्रोटीनचा डबा मागवला होता. डब्यावर ३३ ग्रॅमच्या स्कूपमागे २४ ग्रॅम प्रथिनं असं छापलंय. पावडर ढवळून ठेवली की तळाला पिठूळ साका बसायचा. भाऊ म्हणाला, जाऊ दे गं. पण मी सांगलीकडे एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझ्याच्याने जाऊ देववेना. स्वतःच्या पैशांनी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या बाहेरच्या लॅबमधून तपासणी करून घेतली. स्कूपमागे प्रथिनं निघाली १५ ग्रॅम.

रिपोर्टच्या फोटोसह साइटवर रिव्ह्यू टाकला, आणि जिमवाल्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर हे लिहिलं: 'लॅब रिपोर्टप्रमाणे २४ ऐवजी १५ ग्रॅम प्रथिनं आहेत. ही सरळसरळ भेसळ आहे, कंपनी लोकांना फसवते आहे. घेऊ नका.' साइटने रिव्ह्यू काही न सांगता उडवला. फेसबुकवरची पोस्ट मात्र बरीच फिरली.

आता दिल्लीच्या एका वकिलाकडून ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी पीडीएफ आलंय. सात दिवसांत पोस्ट काढा, बिनशर्त माफी मागा, पन्नास लाख नुकसानभरपाई द्या, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाई करू. शिवाय माझ्या प्रोफाइलवरून डेअरीची नोकरी शोधून काढून 'प्रतिस्पर्धी उत्पादकाच्या सांगण्यावरून' मी हे केलं असंही लिहिलंय. आमची डेअरी दूध, दही, तूप विकते. प्रोटीन पावडरशी तिचा काडीचा संबंध नाही. पण उद्या यांनी ऑफिसात पत्र पाठवलं तर, ही धास्ती पन्नास लाखांपेक्षा मोठी आहे.

थोडंफार वाचलंय. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सॅन न्यूट्रिशन या कंपनीने (ब्रँड डॉक्टर्स चॉइस) तिच्या पावडरवर टीका करणाऱ्या यूट्यूबरांविरुद्ध अंतरिम मनाई (निकालाआधीचा तात्पुरता हुकूम) मागितली होती. यूट्यूबरांच्या हातात लॅब रिपोर्ट होते आणि कोर्टाने मनाई नाकारली. हे वाचून धीर येतो. मग कोचीच्या यकृततज्ज्ञ डॉक्टरांचं प्रकरण वाचलं की धीर जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये हिमालया कंपनीच्या दाव्यात बंगळुरूच्या दिवाणी कोर्टाने त्यांचं म्हणणं न ऐकताच त्यांचं एक्स खातं बंद करायचा हुकूम दिला. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने खातं परत मिळवून दिलं, तेही वादातली ट्वीट्स झाकून ठेवायच्या अटीवर. त्यांच्यासारख्या नावाजलेल्या डॉक्टरची ही गत, तर माझं काय?

तर प्रश्न असे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नोटीस खरी धरायची का? पोस्ट काढू की ठेवू? उत्तर द्यावंच लागतं का? आणि फौजदारी म्हणजे पोलीस दारात येतात का? घरी सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

प्रतिसाद – डंबेलदादा

ताई, काढून टाका आणि सुटा. मी एका फॅट बर्नरबद्दल लिहिलं होतं, अशीच नोटीस आली, पोस्ट उडवली, विषय संपला. आपण काय समाजसेवेचा ठेका घेतलाय? तो डबा अजून विकला जातोय, हे मात्र खरं.

प्रतिसाद – काळा_कोट

मी वकिली करतो, पण मुख्यतः जमिनीच्या दाव्यांची, तेव्हा हा सल्ला तेवढ्याच वजनाने घ्या. कागद प्रत्यक्ष वाचणारा वकील लागेलच.

नोटीस म्हणजे समन्स नव्हे. ती वकिलाने अशिलातर्फे लिहिलेलं पत्र आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी आणि रजिस्टरने आलं तरी. सात दिवसांची मुदत त्यांनी ठरवलीय, कायद्याने नाही. पन्नास लाखांचंही तसंच. नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. दावा लावताना मात्र मागितलेल्या रकमेच्या हिशोबाने कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे असे पुष्कळ आकडे नोटिशीतच राहतात. दिवाणी दाव्याला मुदत एक वर्षाची असते, हेही लक्षात असू द्या.

उत्तर द्यायची सक्ती नाही. तरीही द्यावं, आणि वकिलाकडूनच. तुम्ही स्वतः भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर पुढे तुमच्याच विरुद्ध दाखल होतं. फोनवरून बोलणी तर अजिबात नकोत.

फौजदारीचं सांगतो. आयपीसीचं (जुनी भारतीय दंड संहिता) ४९९-५०० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा (डंबेलदादा, ठेका तिथे मिळतो बघा). गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय उचलून नेऊ शकत नाहीत. कंपनीला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. अन्नाच्या डब्याबद्दल हे दाखवणं जड जाऊ नये.

आता खरी गोष्ट, तुमची पोस्ट. तिच्यात दोन वेगळ्या जातीची वाक्यं आहेत. 'रिपोर्टप्रमाणे १५ ग्रॅम' हे तुम्ही कागद ठेवून सिद्ध करू शकता. 'कंपनी फसवते आहे' हा हेतूचा आरोप झाला, आणि तुमचा रिपोर्ट हेतूबद्दल काही बोलत नाही. समोरचा वकील पहिल्या वाक्याला हात लावणार नाही, दुसरं धरून बसेल. दिल्लीच्या त्या निकालात टिंगल आणि अतिशयोक्तीलाही जागा मिळाली, पण पाया लॅबच्या कागदांचा होता. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात २०२० च्या जानेवारीत पॅराशूट तेलावरचा एका यूट्यूबरचा व्हिडिओ काढायचा आदेश एकलपीठाने (एका न्यायाधीशाने) दिला आणि पुढच्याच महिन्यात खंडपीठाने (एकाहून जास्त न्यायाधीशांनी) त्याला स्थगिती दिली. एकाच इमारतीत दोन मतं. म्हणून 'आपण जिंकणारच' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझं मत असं की पोस्ट पूर्ण काढू नका, माफीही मागू नका. आधी आहे तशा पोस्टचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. मग वकिलाला विचारून मजकूर आकड्यांपुरता करा: अमुक बॅच, अमुक तारखेचा रिपोर्ट, डब्यावर इतकं, तपासणीत इतकं.

प्रतिसाद – चंचुपात्र

वरच्याशी सहमत. लॅबच्या बाजूने भर घालते. धागाकर्तीला हे माहीत असणार, पण इतरांसाठी लिहिते. प्रथिनं बहुधा केल्डाल पद्धतीने मोजतात, म्हणजे मोजला जातो नायट्रोजन आणि त्याला ६.२५ किंवा दुधाच्या प्रथिनांसाठी ६.३८ ने गुणतात. ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो आम्लं ढकलली तरी आकडा फुगतो. म्हणजे कंपनीला अनुकूल असलेल्या पद्धतीतही १५ आले असतील, तर अमिनो अ‍ॅसिड प्रोफाइल (कुठलं अमिनो आम्ल किती, ही तपासणी) केल्यावर ते वाढायचे नाहीत.

कच्चा दुवा वेगळाच आहे: डबा उघडा होता. 'तुम्हीच काहीतरी मिसळलं' हे त्यांचं पहिलं वाक्य असेल. त्याच बॅचचा सीलबंद डबा मिळाला तर बिलासकट घेऊन ठेवा. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० खाली साधा ग्राहकसुद्धा फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासणी करून घेऊ शकतो. त्या रिपोर्टचं वजन वेगळं असतं. आणि तक्रार एफएसएसएआयकडे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) करा. फेसबुकवर लिहिलं की नोटीस येते, सरकारी तक्रारीला उत्तर द्यावं लागतं.

हा काही एकट्या डब्याचा प्रश्न नाही. २०२४ मध्ये 'मेडिसिन' नियतकालिकात त्याच कोचीच्या डॉक्टरांच्या गटाने भारतातली ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून लिहिलं होतं; सुमारे ७० टक्क्यांमध्ये प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. तुमच्या उत्तराला ते जोडता येईल, पण ते तुमच्या डब्याचा पुरावा होत नाही.

प्रतिसाद – धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅच नंबर रिपोर्टवर आहे, हे आत्ता परत बघितलं. डबा अर्धा शिल्लक आहे, तो चिकटपट्टी लावून बाजूला ठेवलाय. भावाला सांगितलंय, हात लावायचा नाही.

काळा_कोट, दोन शंका. वकिलाची फी झेपेल असं वाटत नाही. आणि त्या डॉक्टरांसारखा आपल्याला न ऐकता हुकूम झाला तर? तो टाळता येतो का?

प्रतिसाद – काळा_कोट

फीचं आधी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सांगलीत जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाइन १५१००. नोटीस, रिपोर्ट, बिल, स्क्रीनशॉट यांच्या दोन प्रती घेऊन जा.

एकतर्फी हुकमासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करता येतं. मग तुम्हाला न कळवता मनाईचा अर्ज ऐकत नाहीत. ९० दिवस चालतं. अडचण एवढीच की ते त्या त्या कोर्टात लावावं लागतं. कंपनी सांगलीत येणार नाही, दिल्लीत जाईल, आणि ऑनलाइन मजकूर तिथे वाचला गेला म्हणून तिला तसं जाताही येईल. दोन कोटींखालचे दावे दिल्लीत जिल्हा न्यायालयांत जातात, ती एकाहून जास्त आहेत. नोटिशीत कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कुठला दिलाय ते बघा, त्या भागातलं न्यायालय पहिलं धरा. कॅव्हेटची प्रत कंपनीला रजिस्टरने पाठवावी लागते, त्यामुळे तुम्ही गप्प बसणार नाही हे त्यांनाही कळतं.

नोकरीचं मात्र उशीर करू नका. त्यांचं पत्र येण्याआधी उद्याच साहेबांना सांगा: तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये, स्वतःच्या पैशांनी केली, पावती ही. डेअरीची लॅब वापरलेली नाही, हे वाक्य लेखी द्या. आणि सासऱ्यांनाही सांगा. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला तर सही तेच करणार आहेत.

प्रतिसाद – धागाकर्ती

पत्ता पश्चिम दिल्लीचा आहे. उद्या हाफ डे टाकून आधी साहेबांना भेटते, मग विधी सेवाच्या ऑफिसात जाते. काय म्हणतात ते इथेच लिहीन. तोपर्यंत कृपया कुणी कंपनीचं नाव विचारू नका.