मदत हवी आहे: ग्रीक सॅलडचं ड्रेसिंग कडू होतंय, शनिवारी भिशी आहे

मंडळी, घाईत आहे, म्हणून थेट विचारते.

येत्या शनिवारी माझ्याकडे भिशी आहे. आम्ही आठ जणी. साबुदाणा वडे, इडली-चटणी आणि मटार उसळीच्या फेऱ्यांना सगळ्याच कंटाळल्यात. म्हणून गेल्या महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, की माझ्याकडे या वेळी हलकंफुलकं, ग्रीक सॅलड आणि सूप. आता माघार घेता येत नाही. त्यात आमच्यातली एक जण गेल्या वर्षी ग्रीसची सहल करून आली आहे आणि दर दोन वाक्यांनंतर 'आम्ही अथेन्सला होतो तेव्हा' असं म्हणते. माझी अडचण काय ते एवढ्यावरून कळेल.

बाणेरला एका हॉटेलात खाल्लं होतं ते ड्रेसिंग डोळ्यांसमोर होतं: दाटसर, आंबट, लसणीचा वास असलेलं. रविवारी रंगीत तालीम केली. एक वाटी एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल (किंमत घरात अजून सांगितलेली नाही), अर्धी वाटी लिंबाचा रस, सहा पाकळ्या लसूण, मीठ, मिरपूड, ओरेगॅनो. सगळं मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून चांगलं दोन मिनिटं फिरवलं. दिसायला अगदी हॉटेलसारखं झालं, पांढरट आणि दाट. चव घेतली तर कडू! बोटभर चाखलं तरी घशाशी ठसका. नवऱ्याने चमचा खाली ठेवून विचारलं, "कारल्याचं पंचामृत का?" दोन चमचे साखर घातली, तर कडूगोड झालं. ते आणखीच वाईट.

तरी टाकवेना, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर गोठलेल्या तुपासारखा रवाळ थर. तेलातच भेसळ आहे अशी खात्री पटली आणि बाटली घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने वास घेतला, "ताई, हे असंच असतं," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यामुळे तर माझा संशय पक्काच झाला.

तेल खरंच खराब आहे का? दुसरी बाटली आणायची तर आधी घरात किंमत सांगावी लागेल. शिवाय ओरेगॅनो म्हणजे पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या, बिस्किटाचा डबा भरून साठल्यात, त्या चालतात ना? फेटा चीजऐवजी पनीर घातलं तर अथेन्सवाली ओळखेल का? आणि शुक्रवारी रात्री सगळं करून ठेवलं तर शनिवारी पाचपर्यंत टिकेल का?

– पौडरोडकरीण

नळस्टॉपचा_खवय्या:
ताई, तेल सोडा, मिक्सरला धरा.

एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात मुळातच थोडा कडवटपणा असतो, तो त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या घटकांचा. चमच्याने ढवळलं तर तो तेलात दबून राहतो. मिक्सरच्या पात्याने तेलाचे अगदी बारीक थेंब होतात आणि तो कडूपणा उघडा पडून जिभेला लागतो. घरी मेयोनीज करताना मीही एकदा हाच मार खाल्लाय, पाव लिटर तेल वाया. घशातला ठसका मात्र चांगल्या, ताज्या तेलाचं लक्षण आहे. दुकानदार बरोबर बोलला, फक्त समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

जॅमची रिकामी बाटली घ्या, सगळं आत घाला, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट दणादणा हलवा. झालं ड्रेसिंग.

एक शंका आहे. लिंबं पिळताना बिया काढल्या होत्या का?

पौडरोडकरीण:
काढल्या होत्या... म्हणजे भांड्यात थेट पिळलं आणि दिसल्या तेवढ्या काढल्या. दोन-तीन गेल्याही असतील.

नळस्टॉपचा_खवय्या:
मग कडूपणाचा दुसरा चोरही सापडला. चिरडलेली बी आणि सालीखालचा पांढरा भाग, दोन्ही कडू. रस गाळूनच घ्या.

पेठेतला:
एवढा खटाटोप करून शेवटी कोशिंबीरच ना? दाण्याचं कूट, हिंग-जिऱ्याची फोडणी, वर खोबरं-कोथिंबीर. अथेन्सवाली बशी चाटून खाईल. (वेळ दुपारी १ ते ४ सोडून.)

मुळशीची_सून:
काका, तुमची खमंग काकडी आम्हालाही आवडते, पण त्यांनी जाहीर केलंय ग्रीक. शब्दाला काही किंमत?

ताई, तुमचं लिंबाचं प्रमाणही चुकलंय. अशा ड्रेसिंगला साधारण तीन भाग तेल आणि एक भाग आंबट असा हिशेब असतो. तुम्ही दोनास एक घेतलंत, तेही कागदी लिंबू, जे चांगलंच आंबट असतं. आठ जणींना पोह्यांचे बारा चमचे तेल आणि चार चमचे रस पुरे. साधारण दोन-तीन लिंबं लागतील. सहा पाकळ्या लसूण तर फारच झाली! एक पाकळी, तीही किसून, आणि लिंबाच्या रसात पाच-दहा मिनिटं भिजवून मग तेल घाला. कच्च्या लसणीचा तिखटपणा आंबटात बराच मवाळ होतो.

पुड्यांबद्दल: मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पुड्यांत ओरेगॅनोबरोबर मीठ, लसूणपूड, मिरची असा मसाला असतो. ती घातली तर वेगळं मीठ घालायच्या आधी चव बघा. त्यापेक्षा नुसत्या वाळलेल्या ओरेगॅनोची छोटी बाटली आणा, तळहातावर चुरडून घाला. चुरडल्याशिवाय वास उठत नाही, कसुरी मेथीसारखंच.

गच्चीतली_बाग:
ओरेगॅनो मिळाला नाही तर गॅलरीत ओव्याच्या पानांची कुंडी आहे का बघा, ज्याची आपण भजी करतो ते जाड, लवदार पान. स्वयंपाकाच्या ओव्याचं आणि त्याचं झाड वेगळं, पण ते पान आणि ओरेगॅनो एकाच कुळातले, तुळस-पुदिन्याच्या. वासही बराच जुळतो. एकच पान, अगदी बारीक चिरून. दोन घातलीत तर भजीच आठवेल.

पौडरोडकरीण:
कुंडी आहे! आणि पुडीच्या मागे खरंच मीठ लिहिलंय. इतकी वर्षं मी ते पास्त्यात मीठ घालून वर घालत होते.

पण बाटलीत हलवून हॉटेलसारखं दाट होईल का? माझं मघाशी केलेलं दोन मिनिटांत फुटलं, तेल वर आणि रस खाली.

आजेसासूबाईंची_वही:
यासाठी आपल्याकडे जुना उपाय आहे: मोहरी फेसा.

तिकडे डिजॉन मस्टर्ड घालतात ते तरी काय, मोहरीच. मोहरीच्या सालात बुळबुळीत अंश असतो, तो तेल आणि रस यांना काही वेळ एकत्र धरून ठेवतो. अर्धा चमचा मोहरीची डाळ घ्या, खलबत्त्यात कुटा आणि चमचाभर पाणी घालून फेसत राहा, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. मग दहा मिनिटं झाकून ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाणी, लिंबू नंतर. मोहरीचा तिखटपणा पाणी लागल्यावर तयार होतो आणि आंबट पडलं की तिथेच थांबतो. आमच्याकडे लोणच्याला आणि केळ्याच्या कोशिंबिरीला ही फेसलेली मोहरी असायची. माझ्या आजेसासूबाई ती फेसायला बसल्या की वाड्यातली मांजरंसुद्धा शिंकायची.

आठ जणींच्या ड्रेसिंगला त्यातली पाव चमचाच घाला, आपली मोहरी डिजॉनपेक्षा तेज असते. डाळीची सालं बरीचशी निघालेली असतात, म्हणून अख्ख्या मोहरीची पूड जास्त धरून ठेवते, फक्त रंग जरा काळसर येईल. आणि हलवताना अर्धा चमचा मध घाला, साखर नको, ती लवकर विरघळत नाही.

पेठेतला:
फेसलेली मोहरी! आता बोललात. धाग्याला अखेर संस्कार लागले.

कॅम्पातला_कुक:
जरा खडा टाकतो. ग्रीसमधल्या ग्रीक सॅलडला हे असलं दाट ड्रेसिंग नसतंच. तिथे त्याला होरियाटिकी म्हणतात, म्हणजे गावाकडचं, आपल्या भाषेत गावरान. टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटाचा अख्खा जाड तुकडा, ओरेगॅनो आणि वरून सढळ हाताने ऑलिव्ह ऑइल. फार तर थोडं व्हिनेगर. लेट्यूसची पानंही नसतात. बाटलीतलं दाट 'ग्रीक ड्रेसिंग' ही अमेरिकेकडची रीत, आपल्या हॉटेलांत तीच आली. तेव्हा अथेन्सवाल्या बाईंनी खाल्लंय ते बहुतेक नुसतं तेल घातलेलं. लेट्यूस दिसली की त्या नक्की बोलणार.

भाज्या मोठ्या चिरा. काकडी चोचवू नका, पिळू नका.

आणि फेटा म्हणजे पनीर नव्हे. मेंढीच्या दुधाचं, फार तर ३० टक्के बकरीचं दूध, आणि निदान दोन महिने मुरवलेलं. २००२ पासून युरोपात ग्रीसबाहेरच्या चीजला ते नावच लावता येत नाही. कॅम्पात दोराबजींकडे वगैरे आयात केलेला माल मिळतो, जाऊन बघा.

पौडरोडकरीण:
पौड रोडवरून कॅम्पात, तेही शुक्रवारी संध्याकाळी? पनीरचं काहीतरी सांगा हो.

मुळशीची_सून:
पनीरचे जाड तुकडे करा. दोन वाट्या पाण्यात दीड चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घालून त्यात रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. सकाळी टिपून घ्या, खायला घेताना हाताने कुस्करा, सुरी लावू नका. फेटा होणार नाही, पण खारट-आंबट लागेल आणि सॅलडला तेवढंच हवं असतं. ड्रेसिंगमध्ये मीठ मग जपूनच.

प्रयोगशाळेतून:
चव तुम्ही सगळे बघताय, मी टिकण्याचं सांगते. (अन्नतंत्रज्ञान शिकवते, सवय जात नाही.)

तेलात बुडवलेली कच्ची लसूण ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला तेच मानवतं. तो वाढला तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही, म्हणून 'हुंगून बघू' हा उपाय इथे कामाचा नाही. तुमच्या ड्रेसिंगमध्ये लिंबू आहे, त्याची मदत होते, पण घरचं प्रमाण दर वेळी सारखं नसतं. लसूण घातलेलं ड्रेसिंग लगेच फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. शुक्रवारी रात्री करून शनिवारी संध्याकाळी वापरायला काहीच हरकत नाही.

फ्रिजमध्ये गोठलं ते भेसळीमुळे नव्हे. डिसेंबरात खोबरेल बाटलीत गोठतं तसंच हे. बाहेर काढून अर्धा तास ठेवा, परत हलवा. आणि गोठलं म्हणजे शुद्ध, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तेही खरं नाही. गोठण्यावरून तेलाची परीक्षा होत नाही.

पौडरोडकरीण:
दुकानदाराची माफी मागावी लागणार दिसतंय. परवा पुन्हा तिथून जाताना मी मान फिरवून गेले होते.

बरं, सॅलडवर ते कधी घालू? आधी कालवून ठेवलं तर मुरेल ना?

आजेसासूबाईंची_वही:
मुरेल कसलं, पाणी सुटेल. मीठ लागलं की काकडी-टोमॅटो रडायला लागतात. भाज्या चिरून गार ठेवा, सगळ्या जणी टेबलाशी बसल्या की मग घाला.

पौडरोडकरीण:
(शनिवार, रात्री साडेनऊ)

भिशी झाली. भांडी पडलीत, पण आधी इथे लिहिते.

जॅमच्या बाटलीत केलं. तेल तेच, जुनं. कडूपणा औषधालासुद्धा नव्हता, जराशी झणक, ती छान लागली. मोहरी फेसताना नवरा बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. ओव्याचं एक पान घातलं आणि थोडा बाटलीतला ओरेगॅनो. दाटपणा हॉटेलइतका नाही आला, पण टेबलावर वाढेपर्यंत फुटलं नाही. पनीर मिठाच्या पाण्यातलं, अगदी झकास.

अथेन्सवालीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आम्ही अथेन्सला होतो तेव्हा यात लेट्यूस नव्हती." मी म्हटलं, "यातही नाही." मग तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पनीरबद्दल अवाक्षर काढलं नाही. ओळखलं नाही की ओळखून गप्प बसली, देव जाणे. सूप मात्र उरलंय.

एकच राहिलं. ऑलिव्हच्या बाटलीत फक्त खारं पाणी उरलंय. टाकू की काही होतं त्याचं?

नळस्टॉपचा_खवय्या:
टाकताय कशाला! पुढच्या वेळी ड्रेसिंगमध्ये चमचाभर घाला आणि तेवढं मीठ कमी करा. पण बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

पेठेतला:
आणि उरलेलं सूप?