जुन्या मशीनवर कॉन्की कायम दिसत ठेवावा का? नागपूरच्या उन्हाळ्याआधी मतं हवीत

निंबाचा_पार

माझं मत आधी सांगून टाकतो. नागपुरात जुना डेस्कटॉप चालवायचा असेल, तर मार्च ते जून त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान, मेमरी आणि डिस्क दाखवणारा कॉन्कीसारखा हलका मॉनिटर प्रोग्राम कायम दिसायला हवा. गरज पडली की उघडून पाहू, हे आपल्या गावात पुरत नाही.

आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेतले संगणक मी सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि ही मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती, म्हणून त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. एमपीएससीची पोरं दिवसभर बसतात. दुपार झाली की तक्रार ठरलेली, "दादा, मशीन अडकून राहिली." आणि दोष लिनक्सच्या माथी.

खरं कारण बहुतेक वेळा उष्णता असते. प्रोसेसरवर बसवलेला धातूचा हीटसिंक आपली उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली, तर तेच काम करताना प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. जानेवारीत ६५ वर निवांत चालणारं मशीन मे महिन्यात ८० ला टेकतं. त्यात पंख्यात धूळ, आणि प्रोसेसर-हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट. इंटेलच्या बऱ्याच चिपची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर चिप जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करते, आणि बसलेल्या माणसाला कोणी काही सांगत नाही.

त्यासाठी मी कॉन्की वापरतो. टॉर्स्मो नावाच्या जुन्या मॉनिटरच्या कोडवरून तो २००५ मध्ये निघाला. त्याला लागणारी माहिती लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रॉक आणि सिस या फोल्डरांमध्ये आधीच मांडून ठेवतो. कॉन्की ती वाचतो आणि भिंतचित्रावर लिहितो. माझ्या मांडणीत पाचच ओळी आहेत: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा वापर, मेमरी, स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) आणि डिस्कची हालचाल. घड्याळ, हवामान, गाण्याचं नाव, गोल फिरणारे काटे, काही नाही. दर पाच सेकंदांनी नवे आकडे येतात.

विरोधी मत असेल तर मोकळेपणी लिहा. उन्हाळ्याआधी सगळ्या मशीनांवर हेच बसवायचा विचार आहे.

टर्मिनलवाला

भाऊ, निदान पटलं, उपाय नाही पटला.

कायम दिसणारा आकडा चार दिवसांनी कोणी वाचत नाही. पोरगं ब्राउझर पूर्ण स्क्रीन करून पीडीएफ वाचत बसणार, तुमचा कॉन्की त्या खिडकीच्या मागे. मशीन अडकेल तेव्हा तो झाकलेलाच असेल. मग दिवसभर चालवून मिळवलं काय?

चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा एचटॉप २००४ पासून आहे. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा, कोणती प्रक्रिया (चालू प्रोग्राम) मशीन खाऊन राहिली ते बघा, बंद करा. तुम्हाला मागचा इतिहास हवा असेल तर सिसस्टॅट बसवा. ते दर दहा मिनिटांनी नोंद करतं आणि संध्याकाळी सार ही आज्ञा दिली की दुपारी दोन वाजता काय झालं ते समोर येतं. कॉन्कीचा आलेख लॉगआउट केलं की गेला. मशीन सांभाळणाऱ्याला नोंद पाहिजे, देखावा नाही.

आणि "हलका" म्हणताना जरा जपून. कॉन्की हलका आहे, लोकांच्या मांडण्या नाहीत. दर सेकंदाला बाहेरची स्क्रिप्ट चालवणाऱ्या आठ-दहा ओळी टाकल्या की प्रत्येक वेळी नवी प्रक्रिया सुरू होते. चार जीबीच्या मशीनवर मोजणाराच ओझं होऊन बसतो.

इतवारीची_ताई

मी तंत्रज्ञ नाही, एका कार्यालयात पाच संगणकांवर हिशेबाचं काम चालतं ते बघते. टर्मिनलवाला दादांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

आमच्याकडे एका हौशी मुलाने असाच मॉनिटर लावून दिला होता. त्यात मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसायची. ज्यांना त्यातलं कळत नव्हतं त्या बायका काम अर्धवट सोडून मशीन बंद करायच्या, दिवसातून कितीदा तरी. मशीनला काहीच झालेलं नव्हतं. ज्याचा अर्थ समजावून सांगितलेला नाही असा आकडा माणसापुढे ठेवणं मला बरोबर वाटत नाही. तुमची पोरं आधीच परीक्षेच्या ताणाखाली असतात, त्यांच्या डोळ्यांपुढे लाल अक्षरात ८५ कशाला?

निंबाचा_पार

ताई, तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

तो ९० टक्क्यांचा आकडा बहुधा कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, धरून मोजलेला होता. लिनक्स मोकळी मेमरी रिकामी पडू देत नाही, वाचलेल्या फायली तिथे ठेवतो आणि कोणत्या प्रोग्रामला गरज लागली की लगेच जागा करून देतो. ती मेमरी अडलेली नसते. कॉन्कीत 'नो बफर्स' हा पर्याय चालू ठेवला आणि मेमरीचा साधा आकडा घेतला, तर असा भीतीदायक आकडा दिसत नाही. कर्नलच ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, खरोखर मिळू शकणारी मेमरी किती हे वेगळं सांगतो. चुकीचा आकडा लावून देणाऱ्याने तुमच्या कार्यालयाला त्रास दिला, पण म्हणून बरोबर आकडाही काढून टाकायचा का?

आता टर्मिनलवाला. सिसस्टॅट मला आवडतं, पण उबंटू-मिंटवर बसवल्यावर ते नोंद आपोआप सुरू करत नाही, फाइलमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि नेहमीच्या मांडणीत ते तापमान नोंदवतच नाही, तो गट वेगळा मागावा लागतो. आपल्याकडे प्रश्नच तापमानाचा आहे.

एचटॉपबद्दल एक सांगा. मशीन अडकलेलं असताना प्रोसेसर पाच टक्के दिसतो, एकही प्रक्रिया वर येत नाही, तेव्हा तुम्ही काय बंद करता? फिरत्या डिस्कवर हे रोजचं आहे. रॅम भरते, स्वॅप सुरू होतो, सगळे प्रोग्राम डिस्कच्या रांगेत उभे. लिनक्सचा लोड ॲव्हरेज, म्हणजे सरासरी किती प्रक्रिया रांगेत आहेत तो आकडा, डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रक्रियाही मोजतो, त्यामुळे लोड सहा आणि प्रोसेसर शांत, असं चित्र दिसतं. स्वॅप आणि डिस्क या दोन ओळी शेजारी असल्या की एका नजरेत कळतं. अशा वेळी टर्मिनल उघडायलाच मिनिटं लागतात.

वर्धा_रोड

आकड्यांवर इतका विश्वास ठेवून राहिले म्हणून एक आठवण करून देतो. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानेच सेन्सरमधल्या बिघाडाकडे बोट दाखवलं. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या केंद्रांवर आकडा ४४-४५ च्या आसपास होता.

मदरबोर्डवरचे सेन्सर त्याहून स्वस्तातले. एसीपीआयच्या (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या) नावाने येणारं तापमान काही बोर्डांवर २७.८ वर गोठलेलं असतं, बाहेर नवतपा असो की दिवाळी. ते कॉन्कीत लावलं की पोरांना वाटेल सगळं थंड आहे. शिवाय एचडब्ल्यूमॉनचे, म्हणजे कर्नलमधल्या सेन्सरांच्या यादीतले, क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात. काल शून्य क्रमांकावर प्रोसेसर होता, आज तिथे दुसरंच काही. ओळ तीच, नाव तेच, आकडा भलत्याचा.

माझं म्हणणं: ज्या मशीनवर तुम्ही स्वतः बसत नाही, तिथे असा मॉनिटर लावू नका. खोटा दिलासा हा काहीच न दिसण्यापेक्षा वाईट.

निंबाचा_पार

५६ चा दाखला माझ्या बाजूचा आहे. दुसऱ्या केंद्रांचे आकडे समोर होते, म्हणूनच तो खोटा ठरला ना? मशीनचा नेहमीचा आकडा ज्याला माहीत आहे, त्यालाच चुकीचा आकडा ओळखू येतो. २७.८ दिवसभर हललं नाही, हे रोज बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. वर्षातून एकदा बघणारा ते खरं मानेल.

क्रमांकांचं तुम्ही सांगितलं ते अगदी खरं, आणि ज्यांनी नुसता क्रमांक टाकला असेल त्यांनी आजच बदला. क्रमांकाऐवजी सेन्सर वाचणाऱ्या ड्रायव्हरचं नाव द्या: इंटेलला कोअरटेम्प, एएमडीला केटेनटेम्प. त्याआधी एलएम-सेन्सर्स हे पॅकेज बसवून सेन्सर्स ही आज्ञा चालवा, आणि तिथला आकडा कॉन्कीशी जुळतो का ते पाहून घ्या.

खामल्याचा_मेकॅनिक

हार्डवेअर दुरुस्त करतो, म्हणून थोडं. मॉनिटर लावा नाहीतर नका लावू, आधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा आणि पेस्ट बदला. ८० दिसून राहिलं आणि पंख्यावर बोटभर धूळ, तर आकडा बघून काय करणार?

आणि बाप्पा, कूलरच्या थेट झोतात सीपीयू ठेवू नका. मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली गार होते हे बरोबर, त्याचा मशीनलाही फायदा होतो. पण थेट झोतासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, क्षार येतात. बोर्डावर पांढरे डाग पडलेली मशीनं दर पावसाळ्यात येतात माझ्याकडे. कूलर खिडकीत, सीपीयू त्याच्या बाजूला, मागची जाळी भिंतीपासून वीतभर लांब.

गोकुळपेठी

झाकला जाण्याचा टर्मिनलवाला यांचा आक्षेप आहे, त्यावर उपाय कॉन्कीतच आहे. खिडकीचा प्रकार 'पॅनल' ठेवला तर तो काठावरची जागा राखून ठेवतो, पूर्ण मोठ्या केलेल्या खिडक्या त्यावर येत नाहीत. एकाच ओळीची पट्टी करा, वरच्या काठाला. खरी फुलस्क्रीन केली तर मात्र तीही झाकली जाईल.

ताईंच्या शंकेसाठी त्याहून चांगलं आहे. 'इफ मॅच' वापरून अट घाला: तापमान ८५ च्या वर गेलं तरच ओळ दिसेल, एरवी तिथे काहीच नाही. आणि नुसता आकडा लिहू नका, मराठीत वाक्य लिहा, "मशीन तापलं आहे, काम सेव्ह करून ठेवा आणि दादांना सांगा." देवनागरी अक्षरं दिसायला कॉन्कीत एक्सएफटी (फॉन्ट दाखवण्याची सोय) चालू करून त्याचा फॉन्ट निवडा, नोटो सान्स देवनागरी असला तरी जमतं. जोडाक्षरं तुटतात का हे मात्र आपल्या मशीनवर बघून घ्या, तुटली तर साधे शब्द निवडा.

इतवारीची_ताई

असं वाक्य असेल तर माझी हरकत नाही. माणसाला काय करायचं ते त्यात सांगितलेलं आहे.

टर्मिनलवाला

माझी अजून आहे. गोकुळपेठी यांनी जे सांगितलं तो इशारा झाला, मॉनिटर नव्हे, आणि त्या इशाऱ्याला माझा पाठिंबा. धाग्याच्या सुरुवातीला मागणी होती पाच ओळी कायम दिसण्याची. ती मी मान्य करत नाही. वाचायला बसलेल्या पोराच्या नजरेच्या टोकाला दर पाच सेकंदांनी काहीतरी हलतं, ते लक्ष ओढतंच. अभ्यासिकेत शांतता नुसती कानाची नसते.

निंबाचा_पार

हा आक्षेप मला विचार करायला लावतो. पोरांच्या मशीनांवर अटीची ओळ आणि मराठी वाक्य ठेवतो, तेही फक्त तापमान आणि स्वॅपसाठी. माझ्या टेबलावरच्या मशीनवर पाचही ओळी कायम राहतील, त्याबाबत मत बदललेलं नाही: मशीन सांभाळणाऱ्याला रोजचा आकडा ठाऊक असलाच पाहिजे. दुपारी एक फेरी मारून प्रत्येक मशीनचं तापमान वहीत लिहीन. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून माझ्या जागेवर बसूनही घेता येईल, पण फिरताना पंख्याचा आवाजही ऐकू येतो.

वर्धा_रोड

वही हे उत्तम. मग हार्ड डिस्कचं तापमान पण लिहा, उन्हाळ्यात तीच आधी जाते असा अनुभव आहे. ते रूटशिवाय, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, कॉन्कीत येतं का?

निंबाचा_पार

येतं. कर्नल ५.६ पासून ड्राइव्हटेम्प नावाचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा छोटा भाग) आहे, ते लोड केलं की साटा जोडणीच्या डिस्कचं तापमान प्रोसेसरसारखंच एचडब्ल्यूमॉनमध्ये दिसतं. ते आपोआप लोड होत नाही, त्याचं नाव मॉड्यूल्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. आणि कॉन्की ऑटोस्टार्टमध्ये टाकताना 'पी' पर्यायाने दहा-पंधरा सेकंद थांबवा. फिरत्या डिस्कवर डेस्कटॉप उशिरा उभा राहतो, आणि कॉन्की त्याच्या आधी आला की भिंतचित्राखाली जातो.