शब्दचर्चा : दीक्षास्नान, बाप्तिस्मा की सरळ 'बुडवणे'?

वडगावकर
बेळगावच्या खडेबाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे. कन्नडचं मराठी आणि मराठीचं कन्नड, दोन्हीकडून पोट भरतं. सध्या विल्यम कॅरी या बंगालात काम केलेल्या मिशनऱ्यावरच्या एका कन्नड पुस्तिकेचं मराठी करतोय, इथल्याच एका मंडळीसाठी. (मंडळी म्हणजे चर्च. मीही पहिल्यांदा ऐकून कुणाच्या बायकोबद्दल बोलतायत असंच समजलो होतो.)

अडलंय ते असं. कृष्ण पाल हा बंगालातल्या सेरामपूरचा सुतार. त्याचा हात निखळला होता, मिशनमधल्या डॉ. टॉमसने तो बसवला, तिथून ओळख वाढली, आणि २८ डिसेंबर १८०० रोजी कॅरीने त्याला हुगळीच्या पात्रात 'दीक्षास्नान' दिलं, म्हणजे ख्रिस्ती करून घेण्याचा पाण्याचा संस्कार. कन्नडात हाच शब्द रुळलाय. मी तसाच उचलला. संस्कृतच आहे, इकडे काय नि तिकडे काय!

प्रूफ बघायला आलेल्या काकांनी लाल पेनने तो खोडला आणि वर 'बाप्तिस्मा' लिहिलं. म्हणाले, "दीक्षा जैन मुनी घेतात, लिंगायतांत देतात. आमच्यात बाप्तिस्मा होतो." पटलं. पण पुढच्याच पानावर लिहिलंय की हा ग्रीक शब्द न उलथता, म्हणजे भाषांतर न करता, तसाच ठेवणं कॅरीला मान्य नव्हतं. मूळ अर्थ पाण्यात बुडवणे, म्हणून बंगालीत त्याने 'डुब' वापरला. आता ज्या माणसाने हट्टाने शब्द उलथला, त्याच्याच चरित्रात तो ग्रीक ठेवायचा? मराठीत याला चांगला शब्द कुठला?

निपाणीवाला
काही करा पण 'बुडवणे' लिहू नका. आमच्याकडे तंबाखूच्या व्यवहारात बुडवलं म्हणजे एकच अर्थ. "कॅरीने कृष्ण पालला बुडवलं" असं वाचलं की पहिला प्रश्न येणार, किती हजाराला?

मोडीवाचक
बंगाली डुब आणि मराठी बुड एकच. अक्षरांची अदलाबदल झालीय, हिंदीत तर डूबना आणि बूडना दोन्ही सापडतात. प्राकृतात 'बुड्डइ' आहे. म्हणजे कॅरीचा शब्द मराठीत आयताच होता.

बाकी कॅरीच्या मराठीबद्दल एक लक्षात ठेवा. हा माणूस १७९३ मध्ये बंगालात उतरला आणि १८३४ मध्ये तिथेच वारला. मराठी मुलुख त्याने पाहिला नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायला लागला तो वैजनाथ शर्मा या नागपूरकडच्या पंडितांच्या जोरावर. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि मत्तयचं शुभवर्तमान, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेत, आणि त्यासाठी मोडीचे खिळे पाडून घेतले होते! आज आपल्याला मोडीचा फॉन्ट धड मिळत नाही.

आणि बेळगावकरांनो, १८१७ मध्ये त्याच माणसाने कन्नडचंही व्याकरण छापलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाचा हात लागलाय.

पुण्यातला बेळगावकर
नागपुरी मराठी म्हणूनच ते भाषांतर इकडे चाललं नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून नवा करार केला, १८२६ मध्ये छापला.

खानापूरकरीण
मी आजीला विचारलो. तिला कॅरीबिरी माहीत नाही. नुसतं एवढंच विचारलो की माणसाला धरून पाण्यात घालायचं नि लगेच वर काढायचं, याला काय म्हणायचं? ती धुणं पिळत होती. हातातलं लुगडं बादलीत दाबली, वर काढली, परत दाबली, म्हणाली, "हे काय, बुचकळणं." मग बुडवणं काय? तर म्हणे, "बुडवलं की वर येत नाही. बुचकळलं की येतं."
माझं मत बुचकळण्याला.

पुण्यातला बेळगावकर
आजींचा शब्द झकास. पण 'मी विचारलो' नाही हो, 'मी विचारलं'. आणि बाई असून 'विचारलो'?

खानापूरकरीण
आमच्यात बायका आलो-गेलोच म्हणतात आणि विचारलो पण म्हणतात. तुम्ही टिळकवाडीतून पुण्याला गेलात म्हणून विसरलात की काय?

पुण्यातला बेळगावकर
विसरलो नाही. शब्दचर्चा चाललीय म्हणून प्रमाण रूप सांगितलं. 'मी विचारलो' ही कन्नडची छाया आहे.

निपाणीवाला
छाया तर छाया. उन्हात बसण्यापेक्षा बरी.
बरं, छायेवरून आठवलं. बुडणे हाच मुळात कन्नड शब्द आहे. 'बुड' म्हणजे बूड, तळ. तळाला गेला तो बुडाला. प्राकृतबिकृत सगळं नंतरचं.

मोडीवाचक
तसं असेल तर पंजाबपासून बंगालपर्यंत सगळे बुडायला बेळगावात आले होते म्हणायचं. बूड आणि बुडणे ही दोन वेगळी घराणी आहेत, दिसायला सारखी एवढंच.

निपाणीवाला
दिसायला सारखी म्हणजे भावकी असणारच. आमच्या गावात तरी तसंच असतंय.

चिकोडीचे मास्तर
मूळ प्रश्नाकडे या. दीक्षास्नान हा उत्तम, अर्थवाही शब्द आहे. दीक्षाही आहे, स्नानही आहे. तो सोडून 'बाप्तिस्मा' हे परदेशी जोडाक्षर कशाला? जैनांची दीक्षा वेगळी, लिंगायतांची वेगळी, तशी ख्रिस्ती लोकांचीही वेगळी असू द्या. शब्दावर कुणाचा सातबारा नसतो. तेही अवघड वाटत असेल तर 'स्नानसंस्कार' घ्या, वसईकडच्या लिखाणात मी वाचलेला आहे.

कॅम्पातला
मास्तर, मी त्याच 'आमच्यात'ला. जरा सांगतो.

आमच्या घरात कुणी 'बाप्तिस्मा' परदेशी म्हणून उच्चारत नाही. आजी 'बाप्तिस' म्हणायची, अर्धा शब्द गिळून. पत्रिका छापली तरी बाप्तिस्माच. बायबलमध्येही 'बाप्तिस्मा करणारा योहान' आहे, त्याला 'दीक्षास्नान देणारा योहान' केलं तर आम्हाला तो दुसराच कुणी वाटेल.

पण खरी गोम निराळी आहे. कॅरी बॅप्टिस्ट होता. त्यांच्यात कळत्या वयाच्या माणसालाच, तोही पूर्ण पाण्यात. तो स्वतः १७८३ मध्ये नॉर्थहॅम्प्टनला नेन नदीत असाच उतरला होता. बेळगावात मात्र १८२० मध्ये आले ते लंडन मिशनचे जोसेफ टेलर. पुढे १९०४ मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं. या दोघांत तान्ह्या पोरालाही बाप्तिस्मा देतात, आणि कपाळावर चार थेंब शिंपडले की झालं. माझा स्वतःचा तसाच झालाय. मला कुणी बुडवलं नाही की बुचकळलं नाही.

म्हणजे भाषांतर करायला गेलात की एका पंथाची बाजू घेतलीच. बुडवणे लिहिलं तर आमचा बाप्तिस्मा खोटा ठरतो, शिंपडणे लिहिलं तर कॅरीचा. यावरून बायबल सोसायटीत केवढं वाजलं होतं! कॅरीच्याच वळणाने 'बुडवणे' ठेवलेल्या बंगाली नव्या कराराला सोसायटीने पैसा नाकारला, तेव्हा १८४० मध्ये बॅप्टिस्टांनी चूल वेगळी मांडून आपली भाषांतर सोसायटी काढली. ग्रीक शब्द तसाच ठेवला की प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने पाणी वापरावं. तो शब्द म्हणजे तह आहे, मास्तर. म्हणून तो कुणी उलथत नाही.

वडगावकर
हे काकांनी सांगितलंच नाही. नुसतं खोडलं.

चिकोडीचे मास्तर
माहितीबद्दल आभार. तरी तहासाठी ग्रीकच का? दोन्ही पक्षांना चालेल असा देशी शब्द घडवता आला असता. तुमच्यातच 'शुभवर्तमान' किती सुंदर घडवलाय.

खानापूरकरीण
आणि 'करार'? जुना करार, नवा करार. तो तर अरबीतून आलाय. कन्नडात 'ओडंबडिके' म्हणतात, हिंदीत 'नियम'. मराठीत मात्र भाडेकरारवाला करार! पण आता कुणाला खटकतंय?

निपाणीवाला
आमच्या सासऱ्यांना खटकलं होतं. हिंडलग्याच्या एका पेशंटच्या उशाशी 'नवा करार' बघून विचारले, जागेचा वाद मिटला वाटतं?

पुण्यातला बेळगावकर
तुम्ही सगळे बंगालात जाऊन बसलात. बेळगावचा माणूस घरात असताना कॅरी कशाला? बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, १८५४ मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच घेतला. 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी. शिवाय कोशकार! मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाची आटोपशीर आवृत्ती १८६३ मध्ये त्यांनीच केली. शब्दचर्चेचा खरा कुलपुरुष. वडगावकर, त्यांच्यावर काढा की पुस्तिका.

वडगावकर
मला जे काम येतं ते मी करतो. पानाला पैसे मिळतात, कुलपुरुषाला नाही.

कॅम्पातला
बाबांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' मिळवून वाचा मात्र. कासाराच्या घरातला मुलगा, बेळगावातल्या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला जातो, तिथून सगळं सुरू होतं.

कुंदाप्रेमी
बेळगाव नाही, २०१४ पासून बेळगावी.

मोडीवाचक
तो विषय इथे नको. आधीच्या धाग्याचं काय झालं आठवतंय ना.

वडगावकर
आणखी एक अडलंय. 'सेरामपूर' लिहू की 'श्रीरामपूर'? बंगालीत श्रीरामपूरच आहे. पण तसं लिहिलं तर आपला वाचक नगर जिल्ह्यात जातो. तिथे तेव्हा डेन्मार्कचं राज्य होतं, कंपनी मिशनऱ्यांना थारा देत नव्हती म्हणून हे लोक तिथे राहिले, हे सगळं समजावून सांगायला पानात जागा नाही.

दुसरं, कॅरी आधी जोडे शिवायचा. गव्हर्नर जनरलकडच्या जेवणात एका लष्करी साहेबाने, याला ऐकू जाईल असं, "हा आधी जोडे बनवायचा ना?" म्हणून विचारलं. कॅरी म्हणाला, "बनवायचो नाही, नुसते दुरुस्त करायचो." कन्नडात जमलंय. मराठीत 'मोची' घातला की दोन्ही एकच होतात आणि गंमत जाते.

अथणीकर
एक कसे होतील? अथणीत ज्याला तुम्ही कोल्हापुरी म्हणता ती चप्पल करणारी घरं वेगळी आणि स्टँडसमोर आरी घेऊन बसणारा वेगळा. करणाऱ्याला "दुरुस्त करतोस काय" म्हणून बघा, मग फरक कळेल. 'जोडे करणारा' आणि 'जोडे सांधणारा' लिहा. मोची नको नि जातीचं नावही नको.

वडगावकर
हे घेतलं. "करत नव्हतो साहेब, सांधत होतो."
सेरामपूर तसंच ठेवतो.

चिकोडीचे मास्तर
आणि दीक्षास्नान?

वडगावकर
मास्तर, शनिवारी छपाईला जातंय. सगळीकडे बाप्तिस्माच ठेवतोय, काका सोडणार नाहीत. फक्त कृष्ण पालच्या वाक्यात असं केलंय : "हुगळीच्या पाण्यात बुडी देऊन कॅरीने त्याचा बाप्तिस्मा केला." कॅरीचंही राहिलं, काकांचंही राहिलं.

खानापूरकरीण
बुडी देतात? बुडी मारतात की.

मोडीवाचक
मारतो तो स्वतः. इथे दुसरा धरून घालतोय. तेव्हा देणेच बरोबर.

निपाणीवाला
आमच्याकडे बुडी घेतात. घेतला आणि परत दिसलाच नाही.

खानापूरकरीण
थांबा, आजीला विचारून येतो.