ठोकलेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेऊ का? दारव्ह्याचा मिस्त्री म्हणते उभी करतो

दिग्रस_29
राजेहो नमस्कार, जरा लंबं लिहून राह्यलो पण पूर्ण वाचा. 2020 मधी स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस 245 गाडी आली तेव्हापासून डोक्यात तेच हाये, भारतात फक्त 200 आल्या होत्या, 2 लिटर टर्बो पेट्रोल, 245 पीएस, 100 ले 6.6 सेकंद, किंमत 36 लाख म्हणजे आपल्या घरी नुसतं नाव घ्याचं. आता नागपूरच्या एका दलालाकडं एमएच-12 म्हणजे पुणे पासिंगची एक निघाली, समोरून डावीकडं ठोकलेली, विम्यात टोटल लॉस (म्हणजे दुरुस्तीले परवडत नाही असं धरलेली), समोरच्या दोन्ही एअरबॅगा फुटल्या, इंजिन सुरू होते. साडेआठ लाख सांगते. कपाशीचे पैसे आले हायेत, बाबा म्हणतात एवढ्यात ट्रॅक्टर बदलून होते. दारव्ह्याचा मिस्त्री म्हणते अडीच लाखात उभी करून देतो, चेसिस साखळीनं ओढून घेऊ. करू का?

डेंटर_परतवाडा
भाऊ, साखळीचं वाचलं अन् हातातलं काम ठेवून लिहाले बसलो. बावीस वर्षं झाले डेंटिंग करून राह्यलो, कडुलिंबाले साखळी बांधून मीही ओढल्या गाड्या, पण त्या जुन्या जीपा होत्या. ह्या गाडीत सगळं पोलाद सारखं नसते, पिलर अन् दाराखालच्या उंबऱ्याजवळ बोरॉनवालं कडक पोलाद असते, त्याले गॅसनं लाल केलं की कडकपणा गेला. वरून सरळ दिसते पण पुढच्या ठोकरीत आतल्या माणसाले वाचवाचं तेच असते ना. अन् समोरचे चेसिस लेग, म्हणजे इंजिनच्या दोन्हीकडचे लंबे पोलादी दांडे, ठरल्या जागी दुमडासाठीच बनवलेले असतात, दुमडलेला लेग ओढून सरळ केला तं दुसऱ्या वेळी कुठं दुमडन ते देवालेच माहीत. कंपनीनं जिथून कापा म्हटलं तिथून कापून नवा लावा लागते, बेंचवर, म्हणजे चेसिस मापात आणाच्या लोखंडी सांगाड्यावर, गाडी बांधून, मापं घेत घेत. नागपुरात बेंच भेटते, दारव्ह्यात नाही.
जाशीन तेव्हा टेप घेऊन जा. बोनेट उघडून एका स्ट्रटच्या (चाकावरच्या शॉकअपच्या) बोल्टपासून समोर उलट्या बाजूच्या बोल्टपर्यंत तिरपं मोज, मग दुसरीकडून तसंच मोज, सात-आठ मिलिमीटरचा फरक असला तरी लेग हालला समज. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्हीकडचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोज. कंपनीच्या वेल्डिंगचे स्पॉट सारख्या अंतरावर गोल गोल दिसतात, तिथं जर वेल्डिंगची लंबी रेघ अन् वरून ताजा काळा रंग दिसला तं कोणीतरी आधीच हात घातला.

आर्वी_कास्तकार
परतवाडावाल्या भाऊचं ऐक. मी चार वर्षांआधी पोलो जीटी टीएसआय घेतली, दुरुस्त केलेली, पेंट असा की आरसा. गाडी उजवीकडं ओढे, चाकांचं अलाइनमेंट दोनदा करून घेतलं, समोरचं एक टायर आतून घासून तार निघाली तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीनं सांगितलं की नकलच, म्हणजे चाक धरणारा पार्टच, वाकलेलं हाये. ते तं ठीक, पैशाचं नुकसान. पण स्टिअरिंगवरचं कव्हर खोललं तं आत एअरबॅगच नव्हती, चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या अन् वायरीले एक रेझिस्टर लावला होता, काहून का त्यानं कॉम्प्युटरले वाटते एअरबॅग हाये अन् दिवा विझते. वर्षभर माही बायको अन् पोरगी त्या गाडीत फिरत होत्या. अजूनही आठवलं की झोप उडते.
म्हणून नुसता दिवा पाहू नको. बेल्ट ओढून पाह्य, एअरबॅग फुटते तेव्हा बेल्टचा प्रीटेन्शनरही (ठोकरीत बेल्ट ताणून धरते तो) उडते, तो नवाच लावा लागते. एअरबॅग, बेल्ट, सेन्सर, एअरबॅगचं कॉम्प्युटर मॉड्यूल हे सगळं धर, त्यातच अडीच लाखाच्या वर जाशीन, पत्र्याले हात लावाच्या आधी.

कागदपत्र_अमरावती
कागदांबद्दल थोडं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, म्हणजे सर्व्हेअरचा रिपोर्ट कुठंतरी आहेच, दलालाकडे तो माग, त्यात तुटलेल्या पार्टची पूर्ण यादी असते, त्याच्या बोलण्यापेक्षा ती खरी. आरसी (गाडीची नोंदणी) चालू आहे की रद्द झाली ते परिवहनच्या साइटवर बघ, रद्द असेल तर तो फक्त पार्टचा ढीग आहे. बँकेचा बोजा उतरला का, पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, मग गाडी नावावर करायचे 29 आणि 30, हे सगळं बघ. आणि चेसिस नंबर स्वतः बोट फिरवून बघ रे, ठोकलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावायचा धंदा चालतो. विमा तुटलेला असला तर नव्या पॉलिसीआधी इन्स्पेक्शन होतं, तिथेही अर्धवट काम अडकतं.

दिग्रस_29
काल जाऊन आलो, टेप घेऊन. तिरप्या मापात 14 मिलिमीटरचा फरक निघाला, तीनदा मोजलं. डावा बेल्ट अर्धा बाहेर येऊन अडकलेला हाये. रिपोर्ट मागितला तं दलाल म्हणे उद्या व्हॉट्सॲप करतो, आला नाही अजून. बाबाही सोबत होते, काही बोलले नाही, फक्त फुटलेली एअरबॅग हातात धरून पाहत राह्यले.

डेंटर_परतवाडा
14 म्हणजे लेग अन् सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) दोन्ही पाहा लागन. माह्या अंदाजानं नीट काम सात लाखाच्या खाली होत नाही, तेही पार्ट वेळेवर भेटले तं. घ्याचीच असन तं गाडीले चार लाखाच्या वर देऊ नको अन् लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नको. बुधवारी मी नागपूरले हाये, सांग, येतो पाहाले.

दिग्रस_29
बुधवारी नक्की भाऊ. बुटीबोरीच्या पुलाजवळ सकाळी दहाले थांबतो.